वीज, पाणी आणि इसराफ

इसराफ म्हटले की आपल्याला लग्नात वाया गेलेली बिर्याणी आठवते, नाहीतर ऐपतीबाहेरचा वलीमा. वीज आणि पाणी या हिशेबात सहसा येत नाहीत. रिकाम्या खोलीत पंखा फिरत असतो, टाकी भरून पाणी गच्चीवरून वाहत असते, आणि त्याला कोणी गुनाह म्हणत नाही. कुरआनाने उधळपट्टी नापसंत केली, ती काही ताटापुरती नाही. अल्लाहने दिलेली प्रत्येक नेमत ही अमानत आहे आणि अमानतीचा जाब द्यावा लागतो.

या बाबतीत प्रेषित मुहम्मद (स.) यांचा नमुना अगदी मोजून सांगता येईल असा आहे. ते एक मुद पाण्यात वुजू करीत आणि एक साअ ते पाच मुद पाण्यात गुस्ल करीत, असे हदीसच्या संग्रहांत नोंदलेले आहे. मुद म्हणजे मोठ्या माणसाची भरलेली ओंजळ, सुमारे पाऊण लिटर. चार मुदांचा एक साअ होतो. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण त्यांनी हजरत सअद (रजि.) यांना दिल्याचे इब्ने माजाच्या संग्रहात आहे. आज नळाखाली बादली ठेवून वुजू करून पाहावे. बादलीत किती पाणी जमले हे मुलांनाच मोजायला सांगावे. वेगळ्या उपदेशाची गरज उरणार नाही.

पाण्याची गोष्ट विजेच्या लेखात कशाला, असे कोणी विचारील. महाराष्ट्रात ही दोन्ही खाती एकच आहेत. आपली बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी अशा ठिकाणी कोळसा जाळून तयार होते. कोळशाच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, त्या वाफेवर यंत्र फिरते आणि ते थंड करायला पुन्हा पाणी लागते. बीड जिल्ह्यातले परळीचे केंद्र 2013 आणि 2015 च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. पुढच्याच वर्षी, एप्रिल 2016 मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. म्हणजे रिकाम्या खोलीतला पंखा मराठवाड्याच्या घागरीशी जोडलेला आहे. कोळशाच्या धुराचा आणि राखेचा त्रासही वीज केंद्राजवळ राहणाऱ्यांनाच अधिक होतो. शेजाऱ्याच्या हक्कावर इतका भर देणाऱ्या उम्मतीने हा दूरचा शेजारीही ओळखायला हवा.

सुरुवात घरातून करता येते आणि तिला सौर पॅनेलही लागत नाही. छताचा जुना पंखा साधारण 75 वॅट वीज घेतो. बीएलडीसी पंखा तेवढीच हवा सुमारे 30 वॅटमध्ये देतो. घरात चार पंखे रोज बारा तास चालत असतील तर दिवसाला दोन युनिटांहून अधिक, म्हणजे महिन्याला सुमारे 65 युनिट वाचतात. एक युनिट तयार करायला साधारण 600 ते 700 ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे एका घरामागे महिन्याला 40 किलोच्या आसपास कोळसा वाचला. शिवाय वापर वाढतो तसा विजेचा दरही टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे वाचलेली युनिटे आधी महागड्या टप्प्यातून कमी होतात. दर रविवारी मीटरचा आकडा वहीत लिहिण्याचे काम मुलांकडे द्यावे. त्यांचे गणितही पक्के होईल.

यानंतर पाळी येते ती छतावरच्या उन्हाची. एक किलोवॅटच्या सौर पॅनेलला सावली नसलेली सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते. त्यातून दिवसाला चार युनिट, म्हणजे महिन्याला 100 ते 120 युनिट वीज मिळते. दिवसा उरलेली वीज नेट मीटरिंगने वीज कंपनीच्या तारेत जाते आणि आपल्या बिलात वळती होते. त्यामुळे बॅटरीची गरज पडत नाही. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो आणि पॅनेलवरची धूळ पुसावी लागते. केंद्र सरकारच्या 2024 च्या सूर्यघर योजनेत घरांसाठी पहिल्या दोन किलोवॅटला प्रति किलोवॅट 30,000 रुपये अनुदान ठरले, आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला 78,000 रुपये.

खरी अडचण पुढे आहे. अनुदान पॅनेल बसल्यानंतर खात्यावर येते, त्याआधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते. बँक कर्ज देते, पण त्यावर व्याज आहे. अनेक दीनदार कुटुंबे इथेच थांबतात. यावर उपाय आपल्या मोहल्ल्यातच आहे, आणि तो आपल्या आया-बहिणींना चांगला ठाऊक आहे. तो म्हणजे बीसी. वीस घरांनी दरमहा 2,500 रुपये काढले तर महिन्याला 50,000 रुपये जमतात. योजनेत एका किलोवॅटचा आधारभूत खर्च एवढाच धरलेला आहे. बाजारभाव थोडा जास्त असू शकतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी दर विचारावेत. ज्याचा नंबर लागला त्याच्या छतावर पॅनेल बसेल, आणि अनुदानाचे 30,000 हाती आले की त्याला पुढचे बारा हप्ते जड जाणार नाहीत. वीस महिन्यांत वीस छते होतील आणि व्याजाचा एक पैसाही लागणार नाही. हिशेब लिखित असावा आणि त्यावर साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. देण्याघेण्याची नोंद करण्याची ताकीद कुरआननेच दिली आहे.

भाड्याच्या घरात किंवा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना स्वतःचे छत नसते. त्यांनी मशिदीकडे पाहावे. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीने छतावर 500 हून अधिक सौर पॅनेल बसवली, वुजूसाठी कमी धारेचे नळ लावले आणि पाणी पुन्हा वापरण्याची व्यवस्था केली. 2022 मध्ये तिला हरित इमारतीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. आपल्या गावची मशीद एवढी मोठी नसेल, पण कमी धारेचा नळ तिला नक्कीच परवडतो. मरहूम आई-वडिलांच्या सवाबासाठी मशिदीला पंखा देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. यापुढे तो पंखा कमी विजेचा द्यावा. असे वीस पंखे झाले तर नमाजच्या वेळी सुमारे 900 वॅट वीज कमी लागेल. उन्हातून वीज देणारे पॅनेल वीस-पंचवीस वर्षे चालते. सदका-ए-जारियासाठी याहून सोपे साधन कोणते?

पुढच्या जुम्म्याला नमाजनंतर मशिदीच्या जमातीसमोर वीजबिल आणि पाण्याचा हिशेब वाचून दाखवावा, एवढी विनंती प्रत्येक मशीद कमिटीला करता येईल. आकडा समोर आला की कोणता नळ बदलायचा आणि कोणता पंखा, हे लोक आपणहून सांगतील.