माळाची बाग आणि तिचे जाणकार

ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, एक राष्ट्रीय वनस्पती उद्यान आहे. त्यात फक्त त्याच देशाच्या मातीतली झाडं लावतात. १९७० साली औपचारिक उद्घाटन झालेल्या या बागेतली एक पायवाट मूलनिवासींच्या वनस्पतीज्ञानाला वाहिलेली आहे. कोणता कंद ते खात, कशापासून दोर वळत, अशी माहिती तिथे वाचायला मिळते. आपल्याकडे अशी बाग कुठे करावी म्हटलं, तर कोणालाही सह्याद्रीचं दाट रान आठवेल. सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचं कवठे महांकाळ कोणी सुचवणार नाही. पण या दुष्काळी तालुक्यात ती बाग आधीपासूनच आहे, असं मला वाटतं. आरेवाडीचं बिरोबाचं बन आणि आसपासचा माळ, ही ती बाग. मात्र दोन्ही एकत्र धरले, आणि तिथल्या धनगरांना त्या बागेचे जाणकार मानलं, तरच.

देवराया वनस्पतींचा ठेवा सांभाळतात, हे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रात फिरून दाखवून दिलं. देवाच्या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, एवढ्या एका नियमावर झाडं शतकानुशतकं टिकली. बिरोबाचं बन याच परंपरेतलं. पण धनगरांचा देव झाडांइतकाच गवताचाही आहे. गुंथर सोनथायमर यांनी धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत देव मेंढरांमागे रानोमाळ फिरतो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुनं मराठी साहित्य आणि मौखिक गीतं वनस्पतींच्या नावांसाठी चाळली. हिवर, तरटी अशी उघड्या माळावर वाढणारी झाडं त्यांना तेराव्या शतकापासूनच्या वाङ्मयात सापडली. म्हणजे देशावरचा हा माळ जंगलतोडीतून उरलेलं उजाड रान नाही, तो मुळातला आहे. सरकारी कागदांत त्याला ‘पडीक’ म्हणायची सवय अजून गेलेली नाही, ही गोष्ट वेगळी.

इथे पहिला आक्षेप येतो तो मेंढरांवर: ती सगळं ओरबाडून खातात, मग धनगर बागेचे राखणदार कसे? आक्षेप पोकळ नाही, आणि त्याचा भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातच आहे. व्हिक्टोरिया प्रांतात मुरनाँग नावाचं पिवळ्या फुलांचं रोप मूलनिवासींचं मुख्य अन्न होतं. बायका काठीने कंद उकरत, त्यात जमीनही भुसभुशीत होई. १८३०च्या दशकात गोऱ्या वसाहतवाल्यांची मेंढरं आली आणि थोड्याच वर्षांत मुरनाँगची कुरणं संपली. मात्र तिथल्या मातीला खुरांच्या जनावरांची सवयच नव्हती. दख्खनच्या गवतांनी काळविटांचे कळप हजारो वर्षं सोसले आहेत. शिवाय मेंढपाळ एका जागी बसत नाही. पावसाळा सरला की त्याचा वाडा हलतो, वाटेत शेतकरी खतासाठी त्याची मेंढरं शेतात बसवून घेतात, आणि तोवर मागच्या गवताला उसंत मिळते. बाभळीच्या शेंगा मेंढरं खातात आणि लेंडीतून पडलेलं बी अधिक सहज रुजतं. कुसळीचं टोकदार बी लोकरीत अडकून दूरवर जातं, ओल लागली की पीळ घेत जमिनीत शिरतं. माळ बिघडतो तो फिरण्याच्या वाटा बंद झाल्या आणि तेवढीच मेंढरं उरलेल्या तुकड्यावर कोंडली की. म्हैसाळ योजनेचं पाणी आल्यावर तालुक्यात द्राक्षबागा वाढल्या. त्याबद्दल तक्रार करणं अन्यायाचं होईल, पण चराईचं रान आक्रसण्याची किंमत कोणाच्या हिशेबात धरली गेली, हे विचारायला हवं.

दुसरा आक्षेप असा, की दुष्काळी भागात झाडं लावायची सोडून गवताचं कौतुक कशाला? झाडं लावावीतच, गावाजवळ, ओढ्याकाठी, बांधावर. पण माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्प किंवा सुबाभूळ उभी केली, की त्यांच्या सावलीत पवन्या, मारवेल तग धरत नाहीत. खर्चुडीसारखे कंदही मोकळ्या गवताळ उतारांवरचे. कंदिलासारख्या फुलांच्या या वेली गुराखी-मेंढपाळांना नेमक्या ठाऊक असतात, कारण कंद खाता येतो. तो उकरून खाल्ल्यानेही काही जाती दुर्मीळ झाल्या, हे लपवायचं कारण नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जाती जमवून वाढवल्या, ते मोलाचं काम आहे. तरीही विद्यापीठाच्या आवारात रोप वाचतं. कोणत्या उतारावर, कोणत्या नक्षत्राच्या पावसानंतर ते डोकं वर काढतं, ही माहिती मेंढरांमागे चालणाऱ्याकडेच राहते.

अशी माहिती टिपण्यासाठी २००२च्या जैवविविधता कायद्याने गावागावात लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची सोय केली आहे. वहीतली माहिती सांगणारा माणूस मेंढपाळ असेल, तर नोंदणीही त्याच्या वेळापत्रकाने व्हायला हवी. उन्हाळ्यात वाडे बाहेर असतात आणि गवत वाळलेलं असतं. भाद्रपद-आश्विनात गवताला तुरे येतात, तेव्हा माळावर जायला हवं.