आबालाल रहिमान : कोटितीर्थाचा चित्रकार

आजचा एपिसोड कोल्हापूरच्या एका चित्रकारावर आहे, पण सुरुवात आमच्या चंद्रपूरपासून करतो.

मे महिन्यात सकाळी साडेसहाला मी रामाळा तलावावर जलरंग घेऊन बसलो. आठ वाजेस्तोवर रंग कागदावर पसरायच्या आधीच वाळायला लागला! जलरंगात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. पाण्यावर जी चमक दिसते ना, ती म्हणजे न रंगवलेला कोरा कागद. चुकून ती जागा रंगली की गेली. तैलरंगात वरून दुसरा थर देता येतो, इथे अन्डू नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे फार जड जातं.

आबालाल रहिमान यांनी हेच काम आयुष्यभर केलं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले. तेव्हा पैसा होता तो राजेरजवाडे आणि शेठ लोकांच्या पोर्ट्रेटमध्ये. हे मात्र कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थ तलावाच्या काठी राहिले. तेच पाणी, तीच झाडं, पण उजेड रोज नवा. तिकडे फ्रान्समध्ये १८९०-९१ साली मोने गवताच्या गंज्या वेगवेगळ्या वेळी रंगवत होता. तो जगभर गाजला. आबालाल किती जणांना माहीत आहेत? मलाही इंजिनिअरिंग संपेपर्यंत नव्हते.

शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. १९२२ मध्ये महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली कित्येक चित्रं कोटितीर्थातच बुडवली, असं सांगतात. आकडा प्रत्येकजण वेगळा सांगतो, म्हणून मी सांगत नाही. १९३१ मध्ये ते गेले.

जी वाचली, त्यांनाही धोका आहेच. जलरंगाचा थर पातळ असतो, उजेडाने फिका पडतो. दमट हवेत कागदाला बुरशी लागते. म्हणून संग्रहालयात अशा चित्रांवर साधारण ५० लक्सच प्रकाश ठेवतात. घरातल्या संध्याकाळच्या दिव्यापेक्षाही तो मंद वाटतो. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आबालालांची चित्रं आहेत. गेलात तर डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, मग बघा. आणि फ्लॅश बंद ठेवा रे.

माझं रामाळ्याचं चित्र? अर्धं पाणी, अर्धी जलपर्णी, आणि चमकेची जागा चुकून हिरवी झाली. पुढच्या रविवारी साडेपाचलाच जाऊन बसतो.