करंडकात करंडक : सोपाऱ्याचे कोडे

आजी सोन्याची अंगठी कशी ठेवते ते पाहिले आहे ना? अंगठी पुरचुंडीत, पुरचुंडी डबीत आणि डबी पेटीत! वस्तू जितकी मोलाची, तितकी आवरणे अधिक.

भिवंडीच्या टेमघरपासून पश्चिमेला, सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटरवर नालासोपारा आहे. तेथील एका टेकाडाला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले आणि निघाला बौद्ध स्तूप! त्याच्या पोटात विटांची कोठडी होती व कोठडीत दगडाची मोठी गोल पेटी. पेटीत आठ लहान बुद्धमूर्ती आणि मधोमध तांब्याचा करंडक. त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक होता. सोन्याच्या करंडकात काय असेल? हिरे? नव्हे, मातीच्या भांड्याचे १३ बारीक तुकडे! ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले असावेत, असे पंडितजींचे अनुमान होते.

आता यातला स्फटिकाचा करंडक पाहा. स्फटिक म्हणजे आपल्या गारगोटीचाच स्वच्छ, पारदर्शक भाऊ. मोह्सच्या मापनश्रेणीत त्याची कठिनता ७. साध्या चाकूच्या पात्याची सुमारे साडेपाच. म्हणजे पाते स्फटिकावर ओरखडाही काढू शकत नाही. मग तो पोखरायचा कसा? त्याहून कठीण पदार्थाची पूड पाण्यात कालवून, घासून घासून. कुरुंदाची कठिनता ९ आहे. चिनी कारागिरांनीही जेड हा चिवट दगड असाच घासून कोरला. कुब्लाईखानासाठी १२६५ मध्ये घडवलेले जेडचे अवाढव्य मद्यपात्र आजही बीजिंगमध्ये आहे. जेडची कठिनता ६ ते ७. तेव्हा अशी भांडी ‘कापलेली’ नसतात, ‘झिजवलेली’ असतात.

आता कोडे. करंडकांसोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे मिळाले. हा राजा इ. स. च्या दुसऱ्या शतकाच्या अखेरचा. नाणे न झिजलेले, म्हणजे ते फारसे हाताळले जाण्यापूर्वीच येथे ठेवले गेले असावे. पण मूर्तींची घडण आठव्या-नवव्या शतकातली! दोन्ही एकाच पेटीत कशा? नियम सोपा आहे : बंद पेटी शेवटची केव्हा मिटली, हे तिच्यातील सर्वांत नवी वस्तू सांगते, त्याआधी ती मिटलेली असू शकत नाही. म्हणून अभ्यासक मानतात, की सहा-सातशे वर्षांनी कोणीतरी स्तूप उघडला, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केला.

हे उत्तर सोन्याने दिले नाही, वस्तूंच्या एकत्र असण्याने दिले. कोणी धनाच्या लोभाने तो स्तूप फोडला असता, तर सोने सराफाकडे गेले असते, मातीचे तुकडे उकिरड्यावर पडले असते आणि कोडे कायमचे हरवले असते. म्हणून शेतात जुनी वस्तू सापडली, तर ती हलवू नका, शिक्षकांना सांगा. सोपाऱ्याचे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने जपले आहेत.

तोवर एक प्रयोग. नदीकाठची पांढरी गारगोटी आणा आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली टाकाऊ काचेच्या बाटलीवर घासा. मग तीच बाटली नखाने घासा. ओरखडा कोणी काढला? का, ते आता तुम्हीच सांगा!