भक्कम घर, पण कुणासाठी?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली दगडमातीची, जड माळवदाची हजारो घरं कोसळली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसली. घरं भक्कम झाली. पण सरळ रस्त्यांच्या आखणीत जुना शेजार विखुरला, गुरांना आणि कडब्याला जागा अपुरी पडली. अनेकांनी मग स्वतःच पत्र्याची शेड जोडली.

जिथे गाव न हलवता घरांची दुरुस्ती झाली, तिथे मात्र ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साथीने गावच्याच बाया संवाद सहायक झाल्या. त्यांनी घरोघरी सुरक्षित बांधकाम समजावलं, लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेल्या.

वापरणाऱ्याचा दिवस कसा जातो हे समजून घेणं, हीच रचनेतली सहानुभूती. घर असो वा अवजार, नकाशा त्यानंतरच काढावा.