भांगेच्या झाडातील नशारहित औषध

महाशिवरात्रीची ठंडाई आणि उज्जैनच्या महाकालेश्वराचा भांगेचा शृंगार यांमुळे आपल्या माळव्यात भांग ही वनस्पती कोणासही अपरिचित नाही. परंतु हीच वनस्पती बालकांच्या अपस्मारावरील एका औषधाची जननी आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. अलीकडे फीट येणाऱ्या बालकांचे पालक मोबाइलवर काही वाचून माझ्याकडे येतात आणि दबक्या आवाजात विचारतात, "डॉक्टरसाहेब, भांगेचे तेल दिले तर चालेल का?" या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

भांगेच्या झाडात कॅनाबिनॉइड वर्गातील शंभराहून अधिक रसायने आढळतात. त्यांतील टीएचसी हे सर्वाधिक कुप्रसिद्ध. मेंदूतील विशिष्ट ग्राहींना चिकटून ते नशा आणते, काळाचे भान हरपवते, क्वचित भासही निर्माण करते. त्याचेच सख्खे भावंड म्हणजे कॅनाबिडिओल, अर्थात सीबीडी. झाडाच्या अंगी दोघांचा जन्म एकाच मूळ आम्लापासून होतो. स्वभाव मात्र भिन्न. सीबीडी त्या नशेच्या ग्राहींना फारसे जुमानत नाही, त्यामुळे झिंग येत नाही. चेतापेशींची अतिरिक्त उत्तेजना ते अन्य मार्गांनी शमवते, असे मानले जाते. १९४० साली अमेरिकेत रॉजर अ‍ॅडम्स यांनी ते वेगळे केले आणि १९६३ साली इस्रायलच्या राफाएल मेशुलम यांनी त्याची रचना उलगडली.

या कथेचा आरंभ मात्र आपल्याच देशात झाला. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ साली गांजाच्या औषधी उपयोगांवर प्रबंध सादर केला. त्यात अवघ्या चाळीस दिवसांच्या एका बालिकेच्या आकड्या गांजाच्या अर्काने थांबल्याची नोंद आहे. पुढे हा अर्क युरोपातही गेला. पण त्याची शक्ती प्रत्येक बाटलीत निराळी असे. मात्रेची खात्री नाही तेथे औषधावर भिस्त कशी ठेवावी? नवी, निश्चित मात्रेची औषधे येताच तो मागे पडला.

१९८० साली ब्राझीलमध्ये शुद्ध सीबीडीचा छोटा प्रयोग झाला. औषध घेणाऱ्या आठ रुग्णांपैकी चौघांच्या आकड्या जवळजवळ थांबल्या. तथापि निर्णायक पुरावा यावयास २०१७ साल उजाडले. ड्रावे सिंड्रोम हा जनुकदोषातून उद्भवणारा दुर्धर अपस्मार. तो बाळाच्या पहिल्या वर्षातच सुरू होतो, तापाने उफाळतो आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. अशा १२० मुलांवर व तरुणांवर १४ आठवडे चाचणी झाली. चालू औषधांच्या जोडीला काहींना दररोज किलोमागे २० मिलिग्रॅम सीबीडी, तर उरलेल्यांना औषधासारखेच दिसणारे निष्क्रिय द्रावण देण्यात आले. सीबीडी घेणाऱ्यांत महिन्याकाठी येणाऱ्या आकड्यांची मध्यक संख्या १२.४ वरून ५.९ वर उतरली. इतरांत ती १४.९ वरून १४.१ एवढीच झाली. पूर्णपणे आकडीमुक्त झाले ते केवळ ५ टक्के. हा चमत्कार नव्हे. परंतु ज्या घरात रात्री आळीपाळीने जागावे लागते, तेथे निम्म्या आकड्या कमी होणे ही लहान गोष्ट नाही. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ड्रावे व लेनॉक्स-गॅस्टो या दोन विकारांसाठी एपिडिओलेक्स या नावाने त्यास मान्यता दिली. २०२० साली ट्यूबरस स्क्लेरोसिसमधील आकड्यांचाही त्यात समावेश झाला.

औषध आहे म्हणजे उपद्रवही आहेत. गुंगी, जुलाब आणि भूक मंदावणे हे नित्याचे. व्हॅल्प्रोएट चालू असल्यास यकृताची एन्झाइमे वाढू शकतात. म्हणून आधी आणि नंतरही वेळोवेळी रक्ततपासणी हवी. क्लोबाझामसमवेत दिल्यास त्या औषधाच्या सक्रिय घटकाची रक्तातील पातळी वाढून मूल पेंगुळते. म्हणजेच हे अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, इतर औषधांच्या जोडीने द्यावयाचे औषध आहे.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. परवाना असलेल्या दुकानातील भांग म्हणजे सीबीडी नव्हे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाच्या व्याख्येतून झाडाची पाने वगळली, म्हणून तिची विक्री होते. परंतु तिच्यात टीएचसी असते आणि वाढत्या मेंदूस ते घातक आहे. कायद्याने चालते ते बाळास चालते, असा अर्थ कोणी काढू नये.

हेम्पच्या बियांचे तेल हा आणखी एक गैरसमज. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२१ च्या नियमांनुसार हेम्पच्या बियांपासूनच्या खाद्यपदार्थांत सीबीडीचे प्रमाण किलोमागे ७५ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. दहा किलो वजनाच्या मुलास वरील चाचणीतील मात्रा द्यावयाची तर दिवसाला २०० मिलिग्रॅम सीबीडी लागेल, म्हणजे अडीच किलोंहून अधिक तेल! अशा तेलाच्या चार थेंबांनी आकडी कशी थांबावी?

खरा धोका त्या थेंबांतही नाही. तेलावर विसंबून चालू गोळ्या अचानक बंद केल्या जातात, तो खरा धोका. मग आकडीमागून आकडी येत राहते, मूल शुद्धीवर येत नाही, आणि अशी अवस्था प्राणावर बेतू शकते. म्हणून माझी पालकांना कळकळीची विनंती आहे की, तज्ज्ञांना विचारल्याविना एकही गोळी थांबवू नका, आणि असे काही देत असाल तर ते लपवू नका. व्यवसायबंधूंनाही एवढेच सुचवावेसे वाटते की, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये अथवा पालकांवर रागावू नये. रागावल्यास तेल थांबत नाही. ते आपल्याला सांगणे तेवढे थांबते.