मोटारसायकलच्या ट्यूबची निवड

शेतकऱ्याच्या मोटारसायकलीवर हल्लीं घोड्याचें व अर्ध्या बैलगाडीचें काम येऊन पडलें आहे. पहाटे दुधाचे कॅन, दुपारीं खताचें पोतें, सायंकाळीं वैरणीचा भारा, असा तिचा दिवस जातो. आणि वाट बहुधा बाभळींखालून जाणारी. अशा गाडीची ट्यूब वरचेवर जाऊं लागली तर दूध नासतें, कामाचा खोळंबा होतो. आणि भर वेगांत पुढील चाकाची हवा एकाएकीं गेली तर जिवावरच बेततें. असें असूनहि बियाणें घेतांना आपण जी चिकित्सा करतों तिचा शतांशहि ट्यूब घेतांना करीत नाहीं. दुकानदार देईल ती घेऊन येतों.

ज्या गाड्यांना बिनट्यूबचे टायर आहेत त्यांच्यापुढें हा प्रश्न नाहीं. परंतु स्पोकच्या चाकांत प्रत्येक स्पोकसाठीं रिमला भोक असतें व तेथून हवा निसटते. म्हणून अशा बहुतेक चाकांना ट्यूब लागतेच.

जुनी ट्यूब आधीं तपासावी :— जुनी ट्यूब कां गेली हें शोधणें ही निवडीची पहिली पायरी होय. ट्यूब काढण्यापूर्वीं टायरवर व्हॉल्व्हच्या समोर खडूनें खूण करावी. मग ट्यूबमध्यें थोडी हवा भरून ती पाण्यांत बुडवावी, व भोक कोणत्या बाजूस आहे तें पाहावें. जमिनीकडील बाजूस एकच बारीक भोक असेल तर तें कांट्याचें किंवा खिळ्याचें. खुणेवरून टायरांतील तीच जागा हुडकून कांटा उपटावा. नाहीं तर तोच नव्या ट्यूबमध्येंहि घुसेल. रिमकडील बाजूस भोक असेल तर दोष स्पोकच्या टोकाचा, गंजाचा, किंवा रिमवरील रबरी पट्टी सरकल्याचा समजावा. शेजारीं शेजारीं दोन चिरा असतील तर हवा कमी किंवा ओझें जास्त होतें, व खड्ड्यांत आपटून ट्यूब रिम आणि टायर यांमध्यें चिमटली गेली. व्हॉल्व्हच्या बुडाशीं ट्यूब फाटली असेल तर बहुधा हवा कमी पडल्यानें टायर रिमवर सरकला व त्यानें ट्यूब ओढली. या ठिकाणीं ठिगळ टिकत नाहीं. या चार विकारांपैकीं शेवटचे तीन नुसती महाग ट्यूब आणून बरे होत नाहींत.

माप :— टायरच्या बाजूवर २.७५-१८ अशा प्रकारचा आंकडा असतो. त्यांतील पहिला टायरची रुंदी व दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत, दाखवितो. दुसऱ्या पद्धतींत ८०/१००-१८ असें लिहितात. त्यांत ८० ही रुंदी मिलिमीटरांत, १०० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या शेंकडा किती, आणि १८ हे पूर्वीप्रमाणेंच इंच. रिमचा आंकडा ट्यूबवरील आंकड्याशीं तंतोतंत जुळला पाहिजे. १७ ची ट्यूब १८ च्या चाकांत ताणून बसवूं नये. रुंदी ट्यूबवर छापलेल्या मर्यादेंत असावी. लहान ट्यूब फुगतांना पातळ होते व लवकर फुटते. मोठी ट्यूब आंत घडी घेते व त्या घडीवर घासून झिजते. पुढील व मागील चाकांचीं मापें पुष्कळदां निराळीं असतात, म्हणून दोन्ही टायर स्वतंत्र वाचावे. व्हॉल्व्ह जुन्याप्रमाणेंच सरळ किंवा वांकडा घ्यावा.

रबराची जात :— ट्यूबा नैसर्गिक रबराच्या किंवा ब्युटाइल रबराच्या असतात. ब्युटाइल हें कृत्रिम रबर १९३७ सालीं अमेरिकेंतील स्टँडर्ड ऑइल कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ विल्यम स्पार्क्स व रॉबर्ट थॉमस यांनीं तयार केलें. नैसर्गिक रबरापेक्षां तें हवा सुमारें आठ-दहा पट चांगली धरून ठेवतें, व उष्णतेसहि अधिक टिकतें. नैसर्गिक रबर अधिक लवचिक व चिवट असतें, भोक पडलें तरी तें सहसा पुढें चिरत जात नाहीं. मात्र त्यांतून हवा हळूहळू झिरपत असल्यानें ती वारंवार पाहावी लागते. आपल्यापैकीं बहुतेकांच्या हातून हें वारंवार पाहणें होत नाहीं, आणि वर सांगितलेल्या विकारांपैकीं दोन तर कमी हवेनेंच होतात. म्हणून रोजच्या वापरास ब्युटाइलची ट्यूब श्रेयस्कर.

जाडी :— दगडाळ वाटेवर व जड ओझ्याखालीं जाड ट्यूब चिमट्यास चांगली टिकते. परंतु ती जड असते व लांबच्या वेगवान प्रवासांत अधिक तापते; आणि वेड्या बाभळीचा लांब कांटा तिलाहि भेदून जातो. झिजलेल्या टायरांत जाड ट्यूब घालणें म्हणजे कुंपण मोडकें ठेवून राखणदार नेमण्यासारखें आहे. तो पैसा टायरकडे लावावा.

बसविणें :— वापरलेली ट्यूब ताणून वाढलेली असते, यास्तव नव्या टायरांत नवीच घालावी. आंत बोट फिरविण्याऐवजीं फडकें फिरवून कांटा राहिला नाहीं ना तें पाहावें. स्पोकचीं टोकें रिमच्या पट्टीखालीं पूर्ण झांकावींत. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड चोळावी, म्हणजे ती टायरला चिकटत नाहीं. टायरची कड चढविण्यास साबणाचें पाणी लावावें. डिझेल किंवा ग्रीस लावूं नये, त्यानें रबर कुजतें. व्हॉल्व्हचा नट रिमवर आवळूं नये. तो सैल असला म्हणजे टायर सरकतांच व्हॉल्व्ह तिरपा झालेला दिसतो, व ट्यूब फाटण्यापूर्वींच इशारा मिळतो. हवा गाडीच्या कारखान्यानें सांगितली असेल तितकी, चाक थंड असतांना भरावी. मागें माणूस किंवा ओझें असेल तेव्हां मागील चाकास त्यासाठीं सांगितलेली अधिक हवा द्यावी.

बाजारास जातांना दोन्ही टायरांवरील आंकडे कागदावर उतरून घ्यावे व जुनी ट्यूब पिशवींत टाकावी. दुकानांत व्हॉल्व्ह, रुंदी व रबराची जात समोरासमोर ताडून पाहिल्यावरच पैसे द्यावे.