बाटली उकळणे कधी थांबवावे?

गेल्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण तिच्या नऊ महिन्यांच्या मुलीला घेऊन महिनाभर आमच्याकडे राहिली होती. नोकरीमुळे भाचीला दिवसातून दोनदा बाटलीने दूध द्यावे लागे. म्हणून रोज सकाळी आमच्या गॅसवर एक मोठे पातेले चढे आणि त्यात बाटल्या, बुचे व रबरी बोंडशा खदखदत असत. तिसऱ्या आठवड्यात नेमका सिलिंडर संपला. तेव्हा बहीण म्हणाली, "दादा, ही दिवसभर जमिनीवर रांगते, मिळेल ती वस्तू तोंडात घालते. काल तर माझी चप्पल चाखून झाली. मग बाटलीच तेवढी उकळायची कशाला?" आईचे म्हणणे निराळे होते. "तुम्हां दोघांचे बोंडले मी वर्षभर उकळत होते. तूही वर्ष होईपर्यंत उकळ." दोघींनी निवाड्यासाठी माझ्याकडे पाहिले. घरात विज्ञान शिकवणारा मी एकटाच, पण मला चटकन उत्तर देता आले नाही. बहिणीचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

प्रथम उकळण्याने काय होते ते पाहू. शास्त्रीय भाषेत निर्जंतुकीकरण म्हणजे एकही जंतू जिवंत न ठेवणे. या काटेकोर अर्थाने पातेल्यातली बाटली निर्जंतुक होत नाही. काही जीवाणू प्रतिकूल परिस्थितीत बीजाणू तयार करतात. हे बीजाणू जाड कवचाचे असून उकळत्या पाण्यात तासन्‌तास टिकू शकतात. याचा शोध घेणाऱ्यांत जॉन टिंडल होता. हा मनुष्य आमच्यापैकीच, म्हणजे मूळचा भौतिकीतला; धूलिकणांनी होणाऱ्या प्रकाशाच्या विकिरणावरून तुम्ही त्याचे नाव ऐकले असेल. वाळल्या गवताच्या काढ्यातले जंतू उकळूनही मरत नाहीत हे त्याला आढळले. त्यावर १८७७ साली त्याने उपाय सुचवला, तो थोडा थोडा वेळ, पण पुन्हा पुन्हा उकळण्याचा. मधल्या अवधीत बीजाणू फुटून त्यांचे कोवळे जीवाणू होतात आणि पुढच्या उकळीत ते मरतात. रुग्णालयात मात्र इतकी वाट पाहत नाहीत. तेथे बंद भांड्यात वाफेचा दाब वातावरणाच्या दुप्पट करतात. त्या दाबाला पाणी १२१° सेल्सिअसला उकळते आणि १५ मिनिटांत बीजाणूही नष्ट होतात. तुमच्या घरचा प्रेशर कुकर याच तत्त्वावर चालतो.

मग आपले साधे पातेले निरुपयोगी का? मुळीच नाही. तान्ह्या मुलांना जुलाब लावणारे नेहमीचे जीवाणू बीजाणू करणाऱ्यांपैकी नसतात. त्यांना मारण्यासाठी १००° सुद्धा लागत नाहीत. दुधाच्या पाश्चरीकरणात ६३° वर ३० मिनिटे किंवा ७२° वर १५ सेकंद एवढेच तापवतात. महाबळेश्वरला पाणी सुमारे ९५° ला आणि लेहला सुमारे ८८° ला उकळते. तरी तेथेही उकळलेली बाटली बाळाच्या दृष्टीने सुरक्षितच असते. डाळ शिजत नाही ही तक्रार वेगळी.

आता आकड्यांकडे वळू. जंतू उष्णतेने एकदम मरत नाहीत. ठराविक वेळात त्यांचा ठराविक अंश मरतो, किरणोत्सारी पदार्थाच्या ऱ्हासासारखा. हिशेबासाठी धरून चाला की दर मिनिटाला दहातले नऊ मरतात. दहा लाखांपासून सुरुवात केली तर सहाव्या मिनिटाअखेर सरासरीने एक उरेल. म्हणजे सुरुवातीला किती जंतू होते यावर सारे अवलंबून आहे. म्हणूनच उकळण्याआधी ब्रश व साबणाने घासणे हा अर्ध्याहून अधिक विजय आहे. बोंडशीच्या खाचेत दुधाची साय चिकटून राहिली, तर तिच्या आड बसलेल्या जंतूंना नुसत्या उकळण्याने गाठणे कठीण जाते.

मरण्याचा हिशेब असा, तर वाढण्याचा त्याच्या उलट. कोमट दुधात काही जीवाणू अनुकूल स्थितीत दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. दहा जीवाणू घ्या. चार तासांत त्यांची संख्या ४०,९६० होते आणि सहा तासांत २६ लाखांवर जाते. प्रत्यक्षात सुरुवातीला ते थोडा वेळ रेंगाळतात आणि घरातल्या हवेच्या तपमानाला वाढही मंद असते. पण चित्र हेच. आता एक गोष्ट ताडून पाहा. उकळल्यामुळे बाटलीतले जंतू शंभरपट कमी झाले असे समजा. शंभर पट होण्यासाठी पावणेसातच्या आसपास दुपटी लागतात, म्हणजे सुमारे सव्वादोन तास. उकळून मिळवलेला सगळा फायदा, दूध भरलेली बाटली उशाशी सव्वादोन तास पडून राहिली की संपला! जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली दिलेल्या मार्गदर्शनातही तयार केलेले पावडरचे दूध दोन तासांच्या आत वापरावे, उरलेले टाकून द्यावे असेच सांगितले आहे. पावडर स्वतः निर्जंतुक नसते, म्हणून ती किमान ७०° तपमानाच्या पाण्यात कालवावी आणि मग बाटली गार पाण्यात धरून निववावी, हेही त्यात आहे. पुष्कळ घरी बाटली वीस मिनिटे उकळतात आणि पावडर कोमट पाण्यात कालवतात. आमच्याकडेही सुरुवातीला हेच चालले होते. त्याहून वाईट म्हणजे, एकदा उकळलेली बाटली मी स्वतः ओट्यावरच्या फडक्याने आतून पुसली. त्या फडक्याने त्या दिवशी काय काय पुसले होते याचा विचार मी आता करत नाही.

बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. चप्पल तोंडात घातली तर जंतू पोटात जातात हे खरे. पण चपलेवर दूध नसते. तेथे जंतूंना ओलावा कमी, अन्न कमी, म्हणून ते फारसे वाढत नाहीत. बाटली ही जंतूंना उबदार जागा, पाणी, साखर आणि प्रथिने एकत्र पुरवते. प्रयोगशाळेत जंतू वाढवायचे तर याहून वेगळे काय करतात? आजार होणे न होणे हे बऱ्याच अंशी पोटात गेलेल्या जंतूंच्या संख्येवर अवलंबून असते, आणि ही संख्या प्रत्येक रोगाला निराळी असते. आमांश घडवणाऱ्या शिगेला जीवाणूंना शंभराच्या आतबाहेर संख्या पुरते. पटकीच्या जीवाणूंना निरोगी प्रौढाच्या जठरातील आम्लातून पार व्हायला कोट्यवधी लागतात. थोडक्यात, रांगणारे मूल जंतूंच्या सान्निध्यात आले म्हणून बाटलीची काळजी व्यर्थ ठरत नाही.

दुसरी बाजू मुलाच्या संरक्षणाची. नवजात बाळाच्या जठरातील आम्ल सौम्य असते. आईकडून वारेतून मिळालेली प्रतिद्रव्ये पहिल्या काही महिन्यांत ओसरत जातात आणि बाळाची स्वतःची प्रतिद्रव्ये हळूहळू तयार होतात. ही तयारी अमुक दिवशी पूर्ण झाली अशी घंटा कोठे वाजत नाही. म्हणूनच जाणकारांच्या सल्ल्यांत फरक दिसतो. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा बाळ १२ महिन्यांचे होईपर्यंत बाटल्या निर्जंतुक करा म्हणते. अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र दोन महिन्यांच्या आतील, अपुऱ्या दिवसांच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांसाठी रोजच्या निर्जंतुकीकरणावर भर देते. त्याहून मोठ्या निरोगी बाळाची बाटली दर वेळी नीट धुतली जात असेल तर ते रोज करण्याची गरज नाही असे सांगते. दोघांत कोणी चूक आहे असे नाही. धोका उतरंडीसारखा कमी होत जातो आणि दोघांनी त्या उतारावर वेगवेगळ्या ठिकाणी रेघ मारली आहे.

आपली रेघ कोठे? माझे मत असे की ती केवळ वयावरून मारू नये; घरातल्या पाण्यावरून मारावी. ज्या घरी पाणी एक दिवसाआड येते, पिंपात साठवावे लागते, पावसाळ्यात गढूळ होते, तेथे बाटली धुण्याचे पाणीच जंतू पुरवते. अशा घरी वर्ष पूर्ण होईपर्यंत उकळत राहणे शहाणपणाचे. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल किंवा नुकतेच आजारातून उठले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबू नये. आणि उकळणे थांबले तरी घासणे थांबत नाही. दुधासाठीचे पाणी तर उकळायचेच.

खरे म्हणजे आपल्याकडील बालरोगतज्ज्ञ बाटलीच नको म्हणतात. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि वरचे दूध द्यावेच लागले तर वाटी-चमचा. वाटीला कोपरे नसतात, बोंडशीच्या खाचा नसतात. तिचा सगळा पृष्ठभाग डोळ्यांना दिसतो आणि बोटांना लागतो. दूधपावडर व बाटल्यांच्या जाहिरातींवर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नव्हे. आमच्या घरी शेवटी आईचा निकाल मान्य झाला, पण थोड्या फरकाने. वाढदिवसापर्यंत पातेले चढत राहिले आणि त्यानंतर उकळण्याऐवजी बाटलीच बंद झाली. भाची आता छोट्या पेल्याने पिते. निम्मे दूध अंगावर सांडते.

तुम्हांला यातले काही स्वतः पडताळून पाहायचे असेल, तर शिक्षकांच्या देखरेखीखाली एक प्रयोग करा. तीन परीक्षानळ्यांत दूध घालून ते दिवसभर ठेवा व ओतून टाका. पहिली नळी नुसती विसळा, दुसरी ब्रश व साबणाने घासून धुवा, तिसरी तशीच धुऊन दहा मिनिटे उकळा. मग तिन्हींत एकाच भांड्यातले, नुकतेच उकळून निवलेले दूध सारखे भरा. दूध फिकट निळे होईल इतके मिथिलीन ब्लूच्या विरल द्रावणाचे थेंब प्रत्येकीत सारखेच टाका आणि स्वच्छ बुचे लावून नळ्या ३७° च्या आसपास कोमट पाण्यात उभ्या ठेवा. जीवाणू वाढले की ते दुधातला विरघळलेला ऑक्सिजन संपवतात आणि निळा रंग नाहीसा होतो. दर अर्ध्या तासाने नोंद करा. विसळलेली आणि घासलेली यांत किती तासांचे अंतर पडते आणि घासलेली व उकळलेली यांत किती, हे दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. ते दूध कोणी पिणार नाही एवढे मात्र पाहा.